उतारा ताजा, वाक्य शिळं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आज एका लहानशा टूलबद्दल बोलायचं आहे. पुस्तकावर समीक्षा होते, नाटकावर होते, पण कमांड लाइनवर चालणाऱ्या टूलवर कशाला, असं कुणाला वाटेल. पण टूल हेही एक विधानच असतं, बघा. अडचण नेमकी काय आहे आणि तिच्यावर इलाज कोणता, हे ते सांगत असतं. ते विधान बरोबर आहे का, अर्धंच बरोबर आहे का, हे आपण तपासू शकतो. आज तेवढंच करायचं आहे.

टूलचं नाव एम्बेडएमडी. फ्रान्सेस्क कँपॉय यांनी ते गो भाषेत लिहिलं. त्याचं काम एकच. मार्कडाउनमध्ये लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनमध्ये सोर्स कोडचे उतारे मूळ फाईलमधून आणून बसवायचे, आणि मूळ बदललं की उताराही बदलायचा. बस्स.

आधी अडचण समजून घेऊ. तुम्ही एक लायब्ररी लिहिली. ती कशी वापरायची हे सांगायला रीडमी फाईलमध्ये दहा ओळींचा नमुना कोड दिला. चालणाऱ्या फाईलमधून कॉपी केला, इकडे पेस्ट केला. त्या दिवशी तो अगदी बरोबर होता. सहा महिन्यांनी एका फंक्शनला आणखी एक पॅरामीटर लागला. तुम्ही कोड बदललात. जिथे जिथे ते फंक्शन वापरलं होतं तिथे कंपायलरने अडवलं, तिथेही दुरुस्ती झाली. टेस्ट पास झाल्या. रीडमीला मात्र कुणी हात लावला नाही, कारण कंपायलर रीडमी वाचत नाही.

आता हा नमुना वाचतं कोण? ज्याला ती लायब्ररी येत नाही, तोच. येणारा माणूस नमुना बघतच नाही, आणि बघितला तरी त्याला लगेच कळतं की कागद जुना आहे. नवा माणूस तो नमुना अक्षर न अक्षर टाइप करतो, चालवतो, एरर येते. मग त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो अर्धविराम तपासतो, सगळं पुन्हा इन्स्टॉल करतो, दुपार घालवतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली मुलगी असेल, किंवा नोकरी सांभाळून रात्री शिकणारा कुणी असेल, तो असा दोन-तीनदा अडकला की 'हे आपल्याला जमणारं नाही' असं म्हणून उठतो. शिळ्या नमुन्याची किंमत लिहिणारा मोजत नाही, ती शिकणारा मोजतो. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

टूल करतं काय

मार्कडाउन फाईलमध्ये तुम्ही एक ओळ लिहिता. चौकोनी कंसात टूलचं नाव, पुढे अपूर्णविराम आणि हॅश, मग गोल कंसात फाईलचा पत्ता, हवं तर भाषेचं नाव, आणि हवे तर दोन पॅटर्न: उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. पॅटर्न म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, दोन तिरप्या रेघांच्या मध्ये लिहिलेली. पॅटर्न दिलाच नाही तर आख्खी फाईल येते. एकच दिला तर त्याच्याशी जुळणारा तेवढाच मजकूर येतो. दोन दिले तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं सगळं. दुसऱ्याच्या जागी डॉलरचं चिन्ह दिलं तर फाईलच्या शेवटापर्यंत.

इथे एक चतुराई आहे, तिचं कौतुक केलं पाहिजे. ही ओळ मार्कडाउनच्या दृष्टीने लिंकची व्याख्या आहे, त्यामुळे तयार पानावर ती दिसतच नाही. वाचकाला फक्त कोड दिसतो. टूल ती ओळ शोधतं आणि तिच्याखाली कोडची चौकट बसवतं. पुढच्या वेळी चालवलं की जुनी चौकट काढून नवी बसवतं. कितीही वेळा चालवा, पानावर पसारा होत नाही. डॅश डब्ल्यू दिलं की फाईल जागच्या जागी बदलते. डॅश डी दिलं की फाईलला हात न लावता फक्त फरक दाखवतं.

उतारा म्हटलं की

आपल्याकडे उतारा म्हटलं की पहिली आठवण सातबाऱ्याची. सातबाऱ्याचा उतारा म्हणजे काय? जमीन नव्हे, नोंदवहीही नव्हे. नोंदवहीत जे आहे त्याची नक्कल. जुना उतारा घेऊन बँकेत गेलात तर ताजा आणा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, मधल्या काळात फेरफार झाला असेल. पण ताजा उतारा आणला म्हणजे शेतात तूर आहे की ऊस, हे नक्की झालं का? नाही. त्यासाठी पीकपाहणी असते. कुणीतरी बांधावर जाऊन बघावं लागतं.

उतारा नोंदीशी जुळतो का, हा एक प्रश्न. नोंद जमिनीशी जुळते का, हा दुसरा. एम्बेडएमडी पहिल्या प्रश्नाचं उत्तर चोख देतं. दुसऱ्याकडे ते बघतही नाही. आणि तिसरा एक प्रश्न आहे, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो.

निवडायचं कसं

मोठ्या फाईलमधल्या नेमक्या ओळी निवडायच्या कशा, यावर या प्रकारच्या टूल्सची खरी परीक्षा होते. ढोबळपणे चार पद्धती दिसतात.

पहिली, ओळींचे क्रमांक. दुसऱ्या ओळीपासून दहाव्यापर्यंत घे. एमडीबुकमध्ये हे करता येतं, स्फिंक्समध्येही करता येतं. लिहायला सगळ्यात सोपी, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. कुणी फाईलच्या वर दोन ओळींची कॉमेंट टाकली की उतारा दोन ओळी सरकला. फंक्शनचं डोकं कापलं गेलं, खाली भलत्याच फंक्शनचे पाय आले. कुठेही एरर नाही. शिळ्या उताऱ्यापेक्षा हे वाईट, कारण शिळा उतारा निदान एके काळी बरोबर होता.

दुसरी, एम्बेडएमडीची: पॅटर्न. इथे गुण असा की पॅटर्न जुळलाच नाही तर टूल एरर देऊन थांबतं. फंक्शनचं नाव बदललं की लगेच कळतं. दोष असा की ते पहिली जुळणी घेतं. उद्या त्याच फाईलमध्ये वरच्या बाजूला तसंच दिसणारं दुसरं काही आलं, तर गुपचूप भलताच उतारा येईल. शेवटचा पॅटर्न 'बंद होणारा महिरपी कंस' असा ढिला लिहिला, तर आतल्या पहिल्या इफच्या कंसापाशीच उतारा संपतो. टूलला गो भाषेचं व्याकरण माहीत नाही, फक्त अक्षरं माहीत आहेत.

तिसरी, नावाने खूण. सोर्स फाईलमध्येच कॉमेंट म्हणून खूण घालायची: इथे सुरू, इथे संपलं, नाव अमुक. रस्ट भाषेचं अधिकृत पुस्तक एमडीबुकवर तयार होतं आणि त्यात अशा नांगर नावाच्या खुणा, म्हणजे अँकर, वापरल्या आहेत. यावर तक्रार अशी होते की स्वच्छ कोडमध्ये कचरा येतो. मला उलट वाटतं. पॅटर्न डॉक्युमेंटेशनच्या बाजूला असतो, त्यामुळे कोड लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो की आपल्या या ओळींवर कुणाचं तरी पान उभं आहे. खूण कोडमध्येच असली की कोड बदलणारा ती बघतो आणि दोन क्षण थांबतो. तो कचरा नाही, ती पाटी आहे: खाली केबल आहे, खणताना जपून.

चौथी पद्धत स्फिंक्सची. पायथनच्या फाईलमधून फंक्शन किंवा क्लास त्याच्या नावाने मागता येतो. इथे टूलला भाषा समजते, कुठे सुरू आणि कुठे संपलं हे ते स्वतः ठरवतं. सगळ्यात भरवशाची, पण एकाच भाषेपुरती. आणि फंक्शनच्या पोटातल्या चारच ओळी हव्या असतील तर तुम्ही पुन्हा खुणांकडेच वळता.

म्हणजे एम्बेडएमडीने मधला मार्ग घेतला. कुठलीही भाषा चालते, सोर्सला हात लावायला नको, चुकलं तर बहुतेक वेळा कळतं. 'बहुतेक वेळा' हा शब्द लक्षात ठेवा.

फाईलमध्ये की पान बनवताना

आता अशी गोष्ट, जिच्यात हे लहान टूल मोठ्या टूल्सपेक्षा सरस आहे. स्फिंक्स, एमडीबुक ही मंडळी पान बनवताना उतारा आणतात. मूळ डॉक्युमेंटेशनच्या फाईलमध्ये फक्त 'इथे अमुक फाईल घाल' अशी ओळ राहते. एम्बेडएमडी उतारा खरोखर फाईलमध्ये लिहितं. म्हणजे तोच कोड रिपॉझिटरीत दोन ठिकाणी. शुद्धतावादी माणूस नाक मुरडेल: एकच गोष्ट दोनदा का ठेवायची?

मला वाटतं, ठेवावी. पहिलं कारण साधं. रीडमी लोक थेट गिटहबवर वाचतात, आणि तिथला मार्कडाउन दाखवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या फाईलमधून काही आणून बसवत नाही. दुसरं कारण खोल आहे. पान बनवताना उतारा येत असेल तर कोड बदलल्यावर डॉक्युमेंटेशनची फाईल बदलतच नाही. बदल तपासणाऱ्याला गिटच्या फरकात कोडची फाईल दिसते, पानाची दिसत नाही. पान बदललं, पण कुणाच्याही डोळ्यांसमोरून न जाता. एम्बेडएमडीमध्ये मात्र पानाची फाईलही बदललेली दिसते. तपासणाऱ्याला ते दोन्ही एकत्र बघावं लागतं. आणि आपोआप चालणाऱ्या तपासणीत डॅश डी ठेवलं, तर कुणी उतारे ताजे करायला विसरलं हे तिथेच उघड होतं.

तिसरा प्रश्न

आता माझा मुख्य आक्षेप. पानावर नुसता कोड नसतो. त्याच्या वर वाक्य असतं, खाली वाक्य असतं. समजा वर लिहिलं आहे, 'खालच्या कोडमध्ये आपण दहा सेकंद वाट पाहतो आणि मग पुन्हा प्रयत्न करतो.' कोडमध्येही दहा होतं. नंतर कुणीतरी तिथे तीस केलं. टूल चाललं, उतारा ताजा झाला. वाक्य तिथेच राहिलं.

आधी काय होतं? दोन्ही शिळे होते, पण एकमेकांशी जुळत होते. आता अर्धं ताजं, अर्धं शिळं. वाचकाने विश्वास कुणावर ठेवायचा? अनुभवी माणूस कोडवर ठेवतो. नवा माणूस वाक्यावर ठेवतो, कारण त्याला वाक्यच वाचता येतं. कोड तर तो शिकायला आला आहे. म्हणजे ज्याच्यासाठी टूल केलं, त्याच्याच पदरी नवीन प्रकारचा गोंधळ आला.

हे आकडा बदलण्यापुरतं असतं तर चाललं असतं. कधी वाक्याचं कारणच उडून जातं. 'इथे आपण लॉक घेतो, कारण दोन कामं एकदम चालू असतात' असं लिहिलेलं, आणि कोडमधून लॉक गेलेला. कधी वाक्य ओळ मोजतं: 'तिसऱ्या ओळीत बघा'. तिसऱ्या ओळीत आता काहीच नाही.

हा दोष फक्त एम्बेडएमडीचा नाही, या जातीच्या सगळ्या टूल्सचा आहे. ती मानतात की डॉक्युमेंटेशन शिळं होतं म्हणजे कोडचा नमुना शिळा होतो. हे अर्धं खरं आहे. समजावून सांगणं शिळं होतं, त्यावर टूल नाही.

पण म्हणूनच मघाचा मुद्दा महत्त्वाचा. वाक्य तपासणं माणसाचंच काम असेल, तर चांगलं टूल ते, जे माणसाला वेळेवर हाक मारतं. फाईलमध्ये उतारा लिहिल्याने ती हाक मिळते. फक्त एक अडचण आहे. गिट बदललेल्या ओळींच्या वर-खाली डीफॉल्टने तीनच ओळी दाखवतो. समजावणारा परिच्छेद उताऱ्याच्या चाळीस ओळी वर असेल तर तपासणाऱ्याला तो दिसणार नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे: उतारा लहान ठेवा आणि त्याबद्दलचं वाक्य त्याला चिकटून लिहा. शैलीचा म्हणून वाटणारा हा नियम खरं तर देखभालीचा नियम आहे.

मराठीत तांत्रिक लेखन करणाऱ्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवायला हवं. इंग्रजी पान आणि त्याचा मराठी अवतार, दोन्ही एकाच फाईलमधून उतारे घेत असतील तर कोड दोन्हीकडे सारखा राहील. पण इंग्रजी वाक्य दुरुस्त झालं म्हणून मराठी वाक्य दुरुस्त होत नाही. टूल दोन्ही पानांवर सारखंच इमानदार, आणि शिळेपणा मात्र मराठीच्या वाट्याला जास्त.

पीकपाहणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. उतारा मूळ फाईलशी जुळतो, पण मूळ फाईल चालते का? एम्बेडएमडी हे विचारत नाही. नमुन्यांच्या फोल्डरमध्ये पडलेली, कुणी कधी कंपाइल न केलेली फाईलही ते तितक्याच निष्ठेने बसवेल.

यावर उपाय जुने आहेत. पायथनमध्ये टिम पीटर्स यांचं डॉकटेस्ट 2001 साली 2.1 आवृत्तीबरोबर आलं. डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलेलं उदाहरण चालवून बघायचं आणि लिहिलेलं उत्तर येतं का ते ताडून बघायचं. रस्टमध्ये डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं टेस्ट म्हणून कंपाइल होतात, चालवली जातात. गोमध्ये एक्झाम्पल या नावाने सुरू होणारी फंक्शन्स टेस्टच्या फाईलमध्ये लिहितात. शेवटी अपेक्षित आउटपुट कॉमेंटमध्ये दिलं की टेस्ट चालताना ते ताडलं जातं.

मग एम्बेडएमडीचा योग्य वापर उघड आहे. उतारा कुठूनही घेऊ नका. टेस्टमध्ये रोज चालणाऱ्या फाईलमधूनच घ्या. मग टेस्ट सांगेल की मूळ चालतं, आणि टूल सांगेल की उतारा मुळाशी जुळतो. दोन साक्षी झाल्या. हे टूल उतारा थेट वेब पत्त्यावरूनही आणू शकतं. ती सोय जपून वापरावी. दुसऱ्याची फाईल कधी बदलेल ते आपल्या हातात नाही. घ्यायचंच तर ठरावीक कमिटच्या पत्त्यावरून घ्यावं.

उलटलेली दिशा

शेवटी थोडं मागे जाऊ. डोनाल्ड क्नूथ यांनी 1984 साली 'द कॉम्प्युटर जर्नल'मध्ये लिटरेट प्रोग्रॅमिंगचा विचार मांडला. त्यांच्या वेब नावाच्या पद्धतीत, आणि हे वेब इंटरनेटच्या वेबच्या आधीचं, एकच दस्तऐवज असतो. माणसाला समजेल अशा क्रमाने सांगत जायचं, मधे मधे कोडचे तुकडे. टँगल नावाचा प्रोग्रॅम त्यातून चालणारा पास्कल कोड काढतो, वीव्ह छापायचा मजकूर काढतो. टेकचा सगळा सोर्स 1986 मध्ये असाच पुस्तक म्हणून छापला गेला. नॉर्मन रॅम्झी यांनी 1989 मध्ये नोवेब केलं. तेही कमांड लाइनवरचंच, पण कुठल्याही भाषेला चालणारं.

तिथे दस्तऐवज मूळ आणि प्रोग्रॅम उतारा. एम्बेडएमडीमध्ये प्रोग्रॅम मूळ आणि दस्तऐवजात उतारा. दिशा पूर्ण उलटली. यात कमावलं ते असं की प्रोग्रॅमर आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये, नेहमीच्या पद्धतीने लिहू शकतो. क्नूथ यांच्या पद्धतीने फार थोड्यांनी लिहिलं, हे मान्य करावंच लागतं. 1986 साली जॉन बेंटली यांच्या सदरात क्नूथ यांनी जास्तीत जास्त वेळा आलेले शब्द शोधायचा प्रोग्रॅम अशा पद्धतीने लिहिला. डग मॅकइलरॉय यांनी त्याचं कौतुक करून तेच काम युनिक्सच्या सहा ओळींच्या पाइपलाइनमध्ये करून दाखवलं. एम्बेडएमडी त्या दुसऱ्या घराण्यातलं आहे: लहान टूल, एक काम.

पण गमावलं तेही बघा. क्नूथ यांच्या पद्धतीत स्पष्टीकरण आणि कोड एकाच माणसाच्या हाताखाली, एकाच फाईलमध्ये, शेजारी शेजारी होते. कोड बदलताना वाक्य डोळ्यांसमोर असायचंच. आपण त्यांना दोन फाईलींत वेगळं केलं आणि मग जोडायला टूल केलं. टूलने कोडचा दोरा पुन्हा बांधला, वाक्याचा दोरा तुटलेलाच राहिला.

तर माझं मत असं. एम्बेडएमडी हे प्रामाणिक टूल आहे. ते सांगतं तेवढं करतं आणि चुकलं तर बहुधा ओरडतं. ते वापरावं. पण 'आमचं डॉक्युमेंटेशन आता ताजं असतं' असं त्याच्या जोरावर म्हणू नये. 'आमचे उतारे ताजे असतात' एवढंच म्हणावं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टच्या रीडमीत दोनच नमुने आहेत. तरी हे टूल लावावं का?

उत्तर: दोनच असतील तर आधी ते टेस्टमध्ये न्या. चालतात का, हे कळणं जास्त महत्त्वाचं. टूल त्यानंतर लावा. उलट क्रमाने केलंत तर न चालणारा कोड फार नियमितपणे ताजा होत राहील.

प्रश्न: तुम्ही रस्टच्या पुस्तकाचं उदाहरण दिलंत. त्यात काही ओळी लपवलेल्या असतात. वाचकाला अर्धंच दाखवणं ही फसवणूक नाही का?

उत्तर: चांगला प्रश्न. तिथे उतारा लहान दिसतो, पण बाकीच्या ओळी लपून सोबत असतात, म्हणून उदाहरण पूर्ण कंपाइल होतं. आणि कोपऱ्यात डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की सगळं उघडतं. लपवणं आणि दडवणं यात फरक आहे. वाचकाला हवं तेव्हा पूर्ण बघता येत असेल तर ती निवड झाली. एम्बेडएमडीमध्ये ही सोय नाही, उताऱ्याबाहेरचं पानावर येतच नाही. म्हणून ते वापरताना उताऱ्याखाली मूळ फाईलची लिंक द्यायची सवय ठेवा. नव्या माणसाला नेमक्या त्या वरच्या इंपोर्टच्या ओळी लागतात, ज्या आपल्याला सांगण्यासारख्या वाटत नाहीत.

वेळ झाली आहे, इथेच थांबतो.